तबकडी फिरते, माणूस फिरत नाही

नाटकाच्या लिखित पाठाला मराठीत ‘संहिता’ म्हणण्याचा प्रघात आहे. तालमीच्या जागी मात्र त्याच वस्तूला सर्रास ‘स्क्रिप्ट’ म्हटले जाते. अलीकडे ह्या दुसऱ्या शब्दाला आणखी एक धनी भेटला आहे. संगणकावर खेळ रचणारी मुले आपल्या आज्ञावलीलाही ‘स्क्रिप्ट’च म्हणतात. शब्द एक, अर्थ दोन, आणि हे दोन अर्थ वापरणारी माणसे सहसा एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक नाटकाची अभ्यासपत्रिका शिकवते, दुसरा भाषाविज्ञानाची. ह्या दोन्ही अर्थांशी आमची एकदमच गाठ पडली, ती एका विद्यार्थिनीच्या संशोधन प्रकल्पामुळे. त्या निमित्ताने जे मनात आले ते येथे मांडावे असे वाटले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयास हवी. आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. गावातले एकमेव नाट्यगृह कित्येक वर्षे बंद आहे. आमच्याकडे एम. ए. करणारी बहुसंख्य मुले नाटक वाचतात, त्यावर उत्तरे लिहितात, क्वचित त्याचे ध्वनिचित्रमुद्रण पाहतात. परंतु रंगमंचासमोर अंधारात बसून पडदा वर जाण्याची वाट पाहणे त्यांच्या अनुभवात नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’विषयी बोलताना ‘फिरता रंगमंच’ हा शब्दप्रयोग अपरिहार्यपणे येतो. सगळ्या मार्गदर्शक पुस्तकांत तो असतो आणि सगळी मुले तो उत्तरपत्रिकेत लिहितात. एका वर्षी एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, “मॅडम, फिरता रंगमंच फिरतो म्हणजे नेमकं काय फिरतं? नट पण फिरतो का?”

प्रश्न भाबडा वाटेल. तो तसा नाही. पुढे ह्याच प्रश्नाचा तिने प्रकल्प केला. प्रत्यक्ष फिरता रंगमंच पाहण्याची सोय नव्हती, म्हणून तो रोब्लॉक्स स्टुडिओ ह्या खेळ रचण्याच्या संगणकीय साधनात उभारून पाहावा, असे तिने ठरवले. धाकटा भाऊ हे खेळ खेळणारा, आणि घरातला संगणकही त्याचाच. प्रकल्पाचा विषय विभागाच्या बैठकीत आला तेव्हा साहजिकच विचारले गेले, की ह्यात मराठी कोठे आहे? विषय नाकारला गेला असता तर तिला ऐनवेळी एखाद्या कादंबरीतील स्त्रीचित्रणावर साठ पाने लिहावी लागली असती, आणि ती तिने लिहिलीही असती. उत्तर शोधण्याची जबाबदारी मार्गदर्शक ह्या नात्याने आम्हां दोघांवर आली.

नट फिरतो, की फिरते ती जमीन? रंगभूमीच्या इतिहासाने ह्या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे दिली आहेत. आपल्याकडचे सर्वांत जुने उत्तर असे, की नट फिरतो. नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाची कल्पना वाचकांस परिचित असेल. रंगपीठाचे निरनिराळे भाग म्हणजे निरनिराळी स्थळे. नट एका भागातून दुसऱ्या भागात फेरी घालून गेला की स्थळ बदलले. संस्कृत नाटकांच्या पानोपानी आढळणारी ‘परिक्रम्य’ ही रंगसूचना त्याचीच खूण. वाचताना आपण ती ओलांडून पुढे जातो, पण त्या एका शब्दात राजवाडा मागे पडतो आणि अरण्य लागते. ‘शाकुंतला’च्या आरंभी दुष्यंत रथातून हरिणाचा पाठलाग करीत येतो. तेथे रथ नटाच्या देहातच असतो. कोकणातल्या दशावतारात एक साधे बाकडे सिंहासन होते आणि गरजेप्रमाणे आणखी काहीही होते. तमाशाच्या वगातही मंचावर एक फेरी मारली की माणूस दुसऱ्या गावी पोहोचतो. जमीन तीच राहते. नट फिरतो आणि प्रेक्षक ती फेरी मनोमन मान्य करतो. ह्या मान्यतेलाच आपण नाट्यधर्मी संकेत म्हणतो.

दुसरे उत्तर जपानमधले आहे. १७५८ साली ओसाका येथे नामिकी शोझो ह्या काबुकी नाटककाराने मंचाचा गोलाकार भाग खालून फिरवण्याची व्यवस्था केली. तिला ‘मावारी-बुताई’ म्हणतात. विजेचा प्रश्नच नव्हता. मंचाखालच्या काळोखात माणसे आस ढकलीत असत. शिकोकू बेटावर कोतोहिरा येथे १८३५ साली बांधलेले एक काबुकी नाट्यगृह आजही उभे आहे आणि तेथील मंच माणसांच्या बळावरच फिरतो. मंचाखालच्या ह्या जागेला जपानी भाषेत ‘नाराकु’ म्हणतात. हा शब्द बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेल्या आपल्या ‘नरक’ ह्या शब्दाचेच रूप आहे. वर उजेडात अभिनेत्याचा जयजयकार होत असताना खाली ‘नरकात’ माणसे खांदा देत असत. नेपथ्याच्या इतिहासाला ह्याहून बोलका शब्द आम्हांला ठाऊक नाही.

युरोपात ही कल्पना बऱ्याच उशिरा रुजली. १८९६ साली म्युनिक येथे कार्ल लाउटेनश्लेगर ह्या रंगतंत्रज्ञाने मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ ह्या संगीतिकेसाठी विजेवर चालणारा फिरता मंच बसवला. तिथल्या वास्तववादी रंगभूमीला जड भिंती, खरे दरवाजे आणि खरे फर्निचर हवे होते, आणि एवढा संसार हलवण्यास पडद्यामागे फार वेळ लागत असे. तबकडीने तो वेळ वाचवला. नटाच्या देहातला रथ गेला आणि लाकडी भिंतींचा रथ आला, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ आले. दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर, आणि प्रमुख भूमिकेत प्रभाकर पणशीकर. माधव काझी ह्या भामट्याच्या गाजलेल्या खटल्यावर बेतलेले हे नाटक न्यायालयात घडते. आरोपी लखोबा लोखंडे प्रत्येक आरोप नाकारतो, आणि साक्षीच्या ओघात मंच फिरून तोच माणूस दुसऱ्या नावाने, दुसऱ्या वेशात, दुसऱ्याच घरात आपल्यासमोर आणतो. पणशीकरांच्या पाच रूपांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. फिरत्या रंगमंचाचे कौतुक मात्र बहुधा ‘झटपट दृश्यबदल’ ह्या दोन शब्दांत आटोपते. आम्हांला वाटते, येथे तबकडी सोयीपुरती नाही. आरोपी तोंडाने ‘मी तो नव्हे’ म्हणतो आणि पायाखालची जमीन फिरून ‘तो तूच’ म्हणते. न्यायालय आणि भूतकाळ एकाच तबकडीच्या दोन बाजू आहेत, त्यांना एकमेकांपासून सुटका नाही, हे ह्या रचनेने न बोलता सांगितले. ह्या नाटकातली सर्वांत भक्कम साक्ष जमिनीची आहे.

विद्यार्थिनीने संगणकावर उभारला तो असाच दुहेरी मंच होता. वीस एकक त्रिज्येची एक तबकडी. ह्या साधनातल्या लांबीच्या एककाला ‘स्टड’ म्हणतात. मध्यभागी आडवी भिंत, एका बाजूस न्यायालय, दुसऱ्या बाजूस एका घराचा दिवाणखाना. आज्ञावलीची भाषा लुआउ; १९९३ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे जन्मलेल्या ‘लुआ’ ह्या भाषेची ही लेक. पोर्तुगीजमध्ये ‘लुआ’ म्हणजे चंद्र. जो आपल्याला सदैव एकच बाजू दाखवतो त्याच्या नावाच्या भाषेत दोन बाजूंचा मंच फिरवायचा होता.

पहिल्या खेपेस तिने सरळ मार्ग धरला. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा नव्याने रेखले जाते. दर वेळी तबकडीचा कोन किंचित वाढवून तिला नव्या कोनात ठेवायचे. अर्धा फेरा बारा सेकंदांत व्हावा असे ठरले होते. हे यंत्र कोन मोजते रेडियनमध्ये. अर्धा फेरा म्हणजे ३.१४ रेडियन, त्याला बाराने भागले की सेकंदाला सुमारे ०.२६. यंत्र मंद असो वा वेगवान, बारा सेकंद ते बाराच राहावेत म्हणून दोन चित्रांमध्ये लोटलेला काळ मोजून त्याने ह्या वेगास गुणावे लागते. लय म्हणजे काळाची समान विभागणी, हे आपण छंदःशास्त्र शिकवताना सांगतो. येथे ती एका गुणाकारात उतरली होती.

तबकडी सुरेख फिरू लागली. भिंत फिरली, न्यायाधीशांची खुर्ची फिरली. दुसऱ्या दिवशी ती विभागात आली ती वैतागून. म्हणाली, “मॅडम, तबकडी फिरते, पण माणूस फिरत नाही.” आम्ही पाहिले. खरोखरच, आरोपीचे पात्र होते तेथेच उभे होते, त्याच्या पायांखालून न्यायालय निघून गेले, भिंत येऊन त्याला थडकली आणि तो ढकलला जाऊन दिवाणखान्यात तिरपा उभा राहिला. भावाला त्यात काहीच नवल नव्हते. “ताई, ते असंच असतं,” एवढेच तो म्हणाला.

ते असेच का असते? ह्या साधनाची कागदपत्रे वाचून आणि बरीच खटपट करून तिने कारण शोधले, आणि आमच्या मते तिच्या प्रकल्पाचा गाभा तेथेच आहे. पहिल्या रीतीत तबकडी फिरतच नव्हती. क्षणाक्षणाला ती उचलून नव्या जागी ठेवली जात होती. तिला स्थान होते, गती नव्हती. आणि जिला स्वतःला गती नाही ती वर उभ्या माणसाला कोठून देणार? खुर्च्या आणि भिंती तबकडीला जखडलेल्या होत्या, म्हणून गेल्या. माणूस जखडलेला नव्हता, म्हणून राहिला. दुसऱ्या रीतीत तिने तबकडी मोकळी केली, खालच्या अचल पायाशी तिला बिजागरीने जोडले आणि त्या बिजागरीला मोटर दिली. आता यंत्राच्या पदार्थविज्ञानाच्या हिशेबात तबकडीला खरा वेग आला. तो वेग तळव्यांतून पात्राला मिळाला आणि आरोपी न्यायालयासह वळून दिसेनासा झाला.

नाट्यगृहातल्या खऱ्या लाकडावर हे कोणाला लिहावे लागत नाही. तेथे घर्षण आहे. नट आणि जमीन ह्यांच्यातला हा करार इतका जुना आहे, की कोणत्याही संहितेत त्याचा उल्लेख नाही. संगणकात मात्र सृष्टीची सुरुवात शून्यापासून होते; जे लिहिले नाही ते नाही. नाटककार सहज लिहून जातो, ‘मंच फिरतो. दिवाणखाना दिसू लागतो.’ ह्या दोन वाक्यांखाली किती न लिहिलेली वाक्ये दबलेली असतात, किती ‘नाराकु’ असतो, ते आम्हां वाचकांना ह्या आज्ञावलीने दाखवले. भाषावैज्ञानिकाला येथे आणखी एक गोष्ट सुचते. पाणिनीच्या परिभाषेत संहिता म्हणजे वर्णांची अत्यंत निकटता, जिच्यामुळे संधी घडतो. जवळ येणे आणि जोडले जाणे हाच ह्या शब्दाचा मूळ आशय. तबकडी, बिजागरी, भिंत आणि तळवे ह्यांच्यातले सांधे जी लिहून ठेवते तिला संहिता म्हणण्यास व्युत्पत्तीची तरी आडकाठी नाही.

ठेवणे आणि फिरणे ह्यांतला हा भेद नाट्यविचारातही फार मोलाचा आहे. अंधार करून सेट बदलला जातो तेव्हा स्थळ ‘ठेवले’ जाते. प्रेक्षक आणि पात्र एका ठिकाणाहून उचलले जाऊन दुसरीकडे पडतात. मंच फिरतो तेव्हा मधला काळ डोळ्यांदेखत ओलांडला जातो. न्यायालय संपता संपता घराची कड दिसू लागते आणि एक क्षण असा येतो, की दोन्ही अर्धे अर्धे दिसतात. ‘तो मी नव्हेच’सारख्या नाटकाचा सगळा आशय त्या अर्ध्या-अर्ध्या क्षणात आहे, असे तिने प्रकल्पात लिहिले. हे वाक्य तिला आमच्याकडून मिळालेले नाही. बारा सेकंदांचा तो फेरा शंभरदा पाहिल्यावर ते तिला सापडले.

आणखी एक गंमत हिशेबातून निघाली. तबकडीच्या केंद्रापाशी उभ्या नटाला वेग जवळजवळ शून्य. कडेला उभ्या नटाला सेकंदाला सुमारे ५.२ स्टड. ह्या साधनातले पात्र मुळात सेकंदाला १६ स्टड चालते. तिने ते ५.२ वर आणले आणि त्याला कडेकडेने फेऱ्याच्या उलट दिशेने चालवले. पात्र चालत राहिले, मागची घरे सरकत राहिली, आणि प्रेक्षकांपासूनचे त्याचे स्थान तसूभरही हलले नाही. प्रवास झाला, पण माणूस जागचा हलला नाही. लंडनमध्ये १९८५ साली आलेल्या ‘ले मिझराब्ल’च्या प्रयोगात फिरत्या मंचाने अनेक वर्षांची वाटचाल दाखवली होती, ते आम्ही वाचून होतो. येथे त्याचे गणित समजले. नट फिरतो हे भरताचे उत्तर, जमीन फिरते हे शोझोचे. दोघे परस्परविरुद्ध दिशांनी फिरले तर ‘परिक्रम्य’ आणि ‘मावारी-बुताई’ एकमेकांना छेदतात, आणि त्या छेदबिंदूवर चालणारा माणूस उभा दिसतो.

आता शंकेची बाजू. ह्या मंचासमोर तिने वर्गमित्रांना ‘प्रेक्षक’ म्हणून बसवले. प्रत्येक जण आपापल्या घरी, आपापल्या यंत्रावर. तेव्हा ध्यानात आले, की तबकडी एक नाहीच. जितके प्रेक्षक तितक्या तबकड्या. मध्यवर्ती यंत्र प्रत्येकाला फेऱ्याची वार्ता देते आणि ती प्रत्येकाकडे ज्याच्या त्याच्या जोडणीप्रमाणे थोडी मागेपुढे पोहोचते. एकाच्या पडद्यावर भिंत वळून झालेली असते तेव्हा दुसऱ्याच्या पडद्यावर ती वळत असते. शिवाय प्रेक्षकाला आपला दृष्टिकोन वाटेल तसा फिरवता येतो. एका मुलाने तो फिरवून भिंतीमागचा दिवाणखाना आधीच पाहून घेतला. नाट्यगृहात रसिक ज्याला ‘आपण सगळे एकदम’ म्हणतात तो श्वास येथे कोठून येणार? साधारणीकरणाची चर्चा करताना आपण सामाजिकांचा समूह गृहीत धरतो. तो समूह एका काळात, एका छपराखाली असतो, हे इतके उघड होते की सांगावे लागले नाही. हा तोटा खरा आहे आणि तो लपवून ह्या प्रयोगाची भलामण करण्याची आमची इच्छा नाही. संगणकातला मंच नाट्यगृहाची जागा घेऊ शकत नाही. बंद नाट्यगृह उघडण्याची मागणी त्याने किंचितही सौम्य होता कामा नये.

मग ह्यात मराठी कोठे? विभागापुढे आम्ही आज्ञावलीची छापील प्रतच ठेवली. ह्या भाषेत ओळीच्या आरंभी दोन आडव्या रेघा दिल्या की पुढचा मजकूर यंत्र ओलांडून जाते. तो केवळ माणसांसाठी असतो. विद्यार्थिनीने जवळजवळ प्रत्येक आज्ञेवर अशी एक मराठी ओळ लिहिली होती. ‘येथे साक्षीदार थांबेल, त्याचे वाक्य संपल्याखेरीज फिरू नये.’ ‘घाई नको, प्रेक्षकाला कड दिसू दे.’ ‘भिंत आधी थांबवू नये, आरोपी एकटा पडेल.’ ह्या रंगसूचनाच आहेत, पण उलट्या जातीच्या. नाटकातली रंगसूचना प्रेक्षक ऐकत नाही आणि नट पाळतो. ह्या ओळी यंत्र पाळत नाही आणि वाचक ऐकतो. यंत्राच्या दृष्टीने त्या नसल्यात जमा. अर्थाच्या दृष्टीने फेरा का आणि केव्हा ह्याचे उत्तर केवळ त्यांतच आहे. मराठी तेथे होती. भवति न भवति झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, ‘उद्या कोणी पूल बांधून आणील आणि त्यालाही संहिता म्हणाल,’ असे बजावले. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. अखेर आज्ञावली परिशिष्टात आणि तिचे मराठी विवेचन मुख्य प्रकरणांत, अशा अटीवर विषय मान्य झाला. विद्यार्थिनीने अट पाळली. आमचे मत मात्र अजूनही असे, की परिशिष्ट आणि प्रकरण ह्यांची अदलाबदल झाली असती तरी बिघडले नसते.

नाटक शिकवणाऱ्या आम्हां मंडळींपुढे ह्यातून जो प्रश्न उरतो तो तबकडीपेक्षा मोठा आहे. नाटकाचा पाठ आपण मुलांपुढे ठेवतो, तोही अनेकदा पहिल्या रीतीने. एका सत्रात संस्कृत नाटक ठेवले, पुढच्या सत्रात संगीत नाटक ठेवले, त्यापुढे प्रायोगिक. कोन बदलत गेले. अभ्यासक्रमही असेच येतात, एका परिपत्रकासरशी नव्या कोनात ठेवले जातात. खुर्च्या आणि भिंती त्यांच्याबरोबर जातात, कारण त्या जखडलेल्या असतात. वर उभा विद्यार्थी तेथेच राहतो आणि त्याच्या पायांखालून एक न्यायालय निघून जाते. त्याला बरोबर न्यावयाचे तर पाठाला गती हवी, आणि ती त्याच्या तळव्यांपर्यंत पोहोचावयास हवी. ‘परिक्रम्य’ शिकवताना वर्गातील बाके बाजूला सारून एकाला एक फेरी घालावयास सांगण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. फार तर शेजारच्या वर्गावरचे सहकारी आवाजाची तक्रार करतील. ती ऐकून घ्यावी.